केस होते तेव्हाचा फोटो

कुठल्याही घरात शिरलो की मी आधी वर बघतो. पंखा कुठे आहे, चालू आहे का, त्याच्या बरोबर खाली कुठली खुर्ची येते, एवढं पाहून झाल्यावरच मला यजमान दिसतो. आज माझ्या डोक्यावर उडण्यासारखं काही उरलेलं नाही, कानांमागे पांढरी झालर आहे तेवढीच, तरी सवय जात नाही. नातू विचारतो, "आजोबा, तुम्हाला पंखा अंगावर पडायची भीती वाटते का?" मी हो म्हणून मोकळा होतो. खरं कारण सांगायचं तर चोवीस वर्षांच्या एका तरुणाची गोष्ट सांगावी लागेल, आणि तो तरुण मला अजूनही फारसा आवडत नाही. पण आठवणी लिहायला बसल्यावर आवडीची माणसं तेवढी ठेवून कसं चालेल?

आम्ही तेव्हा इंदिरानगरात नुकतेच राहायला आलो होतो. निफाडकडच्या गावातली थोडी जमीन काका बघायचे, आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मभर सरकारी कारकुनी करून नाशकात तीन खोल्या आणि वर गच्ची एवढं बांधलं होतं. आजूबाजूला निम्मे प्लॉट रिकामे होते. दिवसभर कुठे ना कुठे बांधकाम चालू असायचं, सळया कापल्याचा आवाज यायचा, आणि दुपारी तो थांबला की कोपऱ्यावरच्या गिरणीचा ऐकू यायचा. सकाळी अण्णांचा रेडिओ आणि आईचा खलबत्ता यांची चढाओढ. आईचं शेंगदाण्याचं कूट मिक्सरमधलं नसे. "मिक्सरच्या कुटाला तेल सुटतं, चव सुटत नाही," असं ती म्हणायची. मी सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये होतो. डबा, कंपनीची बस, आठ तास, परत बस. माझ्या मागची बहीण मंगल कॉलेजात शिकत होती. तिच्या जिभेला हाड नव्हतं, आणि घरात सगळ्यात शहाणी तीच होती, हे मला फार उशिरा कळलं.

केस जाताहेत हे पहिल्यांदा उशीच्या अभ्र्यानं सांगितलं. आईनं पांढऱ्या अभ्र्यावर निळ्या दोऱ्यानं मोर भरला होता, आणि रोज सकाळी त्या मोराला नवी पिसं फुटलेली असायची. मी ती वेचून खिडकीबाहेर टाकायचो. महिनाभर कुणाला बोललो नाही. मग द्वारका चौकाजवळच्या सलूनमध्ये, जिथे मी शाळेपासून जायचो, तिथल्या गणपतनं एकदा कात्री थांबवली आणि हळूच विचारलं, "दत्तूशेठ, भांग जरा खालून घेऊ का?" डॉक्टर एखादी गोष्ट आधी नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतो ना, तसा त्याचा आवाज होता. त्या दिवसापासून भांग उतरणीला लागला. वर्षभरात तो डाव्या कानाच्या दोन बोटं वर येऊन थांबला, आणि तिथून निघालेले लांब केस मी तेल लावून पार उजव्या कानापर्यंत नेऊन चिकटवू लागलो.

उपाय सगळे केले. आई माका आणि जास्वंद घालून तेल उकळायची, त्याचा वास आठवडाभर घरातून जायचा नाही. कुणीतरी सांगितलं, कांद्याचा रस चोळा. नाशिक जिल्ह्यात राहून कांद्याला काय तोटा? रोज पहाटे कांदा किसून, फडक्यात पिळून डोक्याला लावायचो, तासाभरानं धुवायचो, तरी कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहायची. पोरं म्हणायची, "दत्तू, भजी कुठे आहेत?" मी हसायचो. हसताना मान हलवायची नाही, हे तेवढ्यात शिकून घेतलं होतं. सायकल वाऱ्याच्या दिशेनं असेल तर चालवायची, समोरून वारा असेल तर हातात धरून चालत जायचं. तेव्हा मला विचारलं असतं तर आज नाशकात वारा कुठून कुठे आहे ते मी वेधशाळेच्या आधी सांगितलं असतं.

हे सगळं एरवी हसण्यावारी गेलं असतं, पण माझं लग्नाचं वय झालं होतं. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आम्हा पोरांच्या गप्पा दुसऱ्या कशाच्या असणार? बायको कशी पाहिजे? रंग उजळ, नाक चाफेकळी, वेणी कमरेखाली, हसली की गालाला खळी. जो तो आपापली मूर्ती घडवत बसायचा, आणि त्यात मी सर्वांत पुढे होतो. पुढे नुसता बोलण्यात नव्हतो. दोन वर्षांपूर्वी, डोक्यावर रान होतं तेव्हा, सिन्नरकडची एक मुलगी आम्ही पाहिली होती. चांगली शिकलेली, मोकळी, पोहेसुद्धा तिनंच केले होते आणि छान केले होते. परत येताना बसमध्ये आईनं विचारलं, कशी वाटली? मी म्हणालो, दात जरा पुढे आहेत. झालं, नकार कळवला. आता तिचं नाव आठवायला जातो तर आठवत नाही, दात मात्र आठवतात. याची मला लाज वाटते.

मग तो फाल्गुनातला दिवस. गच्चीवर कुरडयांचा घाट घातला होता. आई खाली चीक शिजवत होती, आणि मंगल तिच्या तीन मैत्रिणींना घेऊन वर सोऱ्यानं कुरडया घालत होती. मला वर गरम चीक नेऊन द्यायचं काम होतं. चिकात तेल आणि मीठ घालून वाटीतून खायला मला अजूनही पक्वान्नापेक्षा आवडतं. वाट्या घेऊन जिना चढलो तर वरून हसण्याचा आवाज. त्यांचंही आमच्या कॅन्टीनसारखंच चाललं होतं, फक्त उलट बाजूनं. एक म्हणाली, काळा चालेल पण ठेंगणा नको. दुसरी म्हणाली, मिशी पाहिजे बाई, मिशीशिवाय पुरुष भाच्यासारखा वाटतो. तिसरी म्हणाली, हात स्वच्छ पाहिजेत, नखं बघून घ्यायची. मग मंगलचा आवाज आला, "ते सगळं ठीक आहे. पण टकला नको हं! टकल्याशी लग्न म्हणजे सासऱ्याशीच लग्न केल्यासारखं." चौघी खिदळल्या. मी अर्ध्या जिन्यात उभा होतो. वाट्या तिथेच पायरीवर ठेवल्या आणि खाली आलो. मंगलच्या मनात मी नव्हतोच, हे आता कळतं. तेव्हा वाटलं, गावातल्या सगळ्या मुलींनी सभा भरवून ठराव केला आहे.

चैत्र लागला आणि निफाडचे मामा स्थळ घेऊन आले. येवल्याच्या अलीकडे, फाट्यापासून आत दोन किलोमीटरवरचं गाव. बारा एकर बागायत, कांदा साठवायच्या दोन चाळी, एकुलती एक मुलगी. नाव अलका, बारावी झालेली. वडिलांना सगळे कारभारी आबा म्हणत. "लय सरळ माणसं हायती," मामा आईला सांगत होते, "फक्त फोटो पाठवा म्हंत्यात." आईनं कपाटातून फोटो काढला. तो दोन वर्षांपूर्वीचा, केस होते तेव्हाचा. मी म्हणालो, "आई, हा जुना आहे." आई म्हणाली, "जुना म्हणजे काय? तूच आहेस ना?" आणि तिनं तो पाकिटात घातला. मी पाकीट हिसकावून घेतलं नाही. घेता आलं असतं. फोटोतला तो दाट केसांचा माणूस मलाही आवडत होता, आणि अलका नावाच्या मुलीनं माझ्याऐवजी त्याला बघावं, असंच मला मनातून वाटत होतं.

फोटो पसंत पडला. आम्ही बघायला गेलो ते मामा, आई, अण्णा आणि मी. द्वारकेवर एसटी पकडली. खिडकीची जागा अण्णांना दिली आणि मी मधे बसलो, तरी विंचूर येईपर्यंत दोनदा रुमाल डोक्याला बांधावा लागला. घर प्रशस्त होतं, पुढे मोठी ओसरी, अंगणात बैल आणि ट्रॅक्टर दोन्ही. वर पंखा नव्हता. मी सुटकेचा श्वास टाकतो न टाकतो तोच कारभारी आबा आत बघून ओरडले, "आरं, शहरातली मंडळी हायती, उकडत आसंल. त्यो टेबलफॅन आना भाईर!" फॅन आला आणि स्टुलावर ठेवला गेला, थेट माझ्या समोर. एवढा पाहुणचार मी आयुष्यात कुठे भोगला नाही. वायर लावली, बटण दाबलं, आणि उजव्या कानाजवळचं चिकटवलेलं टोक सुटू लागल्याचं मला जाणवलं. घामानं तेल सैल झालं होतं. फॅन मान फिरवत मामांकडे गेला, अण्णांकडे गेला, आणि परत निघाला. मी जागच्या जागी दगड झालो.

त्याच क्षणी आबांचे थोरले भाऊ हातात ताट घेऊन आले. त्या घराची रीत होती की पाहुणा पहिल्यांदा उंबऱ्याशी आला की चहाच्याही आधी टॉवेल-टोपी देऊन मान करायचा. उघड्या डोक्यानं टिळा घ्यायचा नसतो म्हणून आधी टोपी, मग कुंकू, मग खांद्यावर टॉवेल. त्यांनी कडक इस्त्रीची पांढरी टोपी उघडली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. मी दोन्ही हातांनी ती कानांपर्यंत ओढून घेतली. देव भेटल्यावर माणसाला काय वाटत असेल ते मला त्या टोपीखाली वाटलं.

आता टॉवेल-टोपीचं सगळ्यांना माहीत असतं. फोटो काढून होईपर्यंत किंवा फार तर चहा होईपर्यंत टोपी डोक्यावर ठेवायची, मग हळूच काढून पिशवीत टाकायची. मामांनी पाच मिनिटांत काढली. मी काढली नाही. पोहे आले, मी टोपीत खाल्ले. मुलगी आली, पाट मांडला, प्रश्न विचारले, मी टोपीत बसून होतो. मान सरळ, डोळे समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, कारण मान खाली घातली तर टोपी घसरेल आणि वर केली तर मागून दिसेल. अण्णांची टोपी त्यांची स्वतःची होती, ती कायमच असायची, त्यामुळे बाप-लेक शोभून दिसत होतो म्हणे. निघताना आबा मामांच्या कानात म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पोरगं शहरात वाढलं पर मानाची टोपी उतरवली नाय बघा. आसं संस्कार आता कुठं ऱ्हायलं?" मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि मिशीतल्या मिशीत हसले.

चार दिवसांनी निरोप आला, मुलगी हो म्हणते आहे, पंधरा दिवसांवर साखरपुडा धरू. घरात लाडवांचं बेसन भाजल्याचा वास सुटला. मी जेवायला बसलो की घास फिरायचा. शेवटी आईला म्हणालो, "आई, तिनं मला बघितलेलंच नाही. सांगायला पाहिजे." आई बेसन हलवत होती, हात थांबला नाही. "साखरपुड्याला टोपी असते. हळदीला डोक्याला टॉवेल गुंडाळतात. लग्नात फेटा, वर मुंडावळ्या. एकदा अक्षता पडल्या की कोण विचारतंय? तुझ्या अण्णांचं डोकं मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माहेरहून दुसऱ्यांदा परत आले होते. मला कुणी विचारलं होतं?" अण्णा आतून म्हणाले, "अगं, तेव्हा थोडे होते." आईनं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. ती लबाड नव्हती. तिच्या पिढीला पुरुषाचं टक्कल हा प्रश्नच माहीत नव्हता, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या होत्या. पण मग तिचा आवाज उतरला. "तू जाऊन सांगशील, ते मोडतील. मोडलेलं स्थळ लपत नाही, दत्तू. लोक म्हणतील, काहीतरी खोट असणार. मागे मंगल आहे, विसरू नकोस."

त्या आठवड्यात माझं वजन उतरलं. स्टोअरमध्ये मी नटांच्या खोक्यात बोल्ट ठेवले. मला लग्न मोडण्याची भीती होती आणि न मोडण्याचीही. डोळ्यांसमोर एकच चित्र यायचं, लग्नानंतरची पहिली सकाळ, मी न्हाणीघरातून डोकं पुसत बाहेर येतो आहे आणि ती समोर उभी आहे. त्यापुढे चित्र सरकायचं नाही. एका संध्याकाळी मंगल गच्चीवर वाळलेले पापड डब्यात भरत होती, तिला सगळं सांगितलं. जिन्यातलंही सांगितलं. तिचा चेहरा पडला, पण सारवासारव करणारी ती नव्हे. डब्याचं झाकण लावून म्हणाली, "दादा, टकला नको हे मी म्हणाले, खरंय. पण म्हणून मला कुणी असा टोपीतला नवरा दाखवला ना, तर जन्मभर मी त्याचं एक अक्षर खरं धरणार नाही. भाजीला मीठ बरोबर आहे म्हणाला तरी." मी म्हटलं, "आणि यातून तुझं स्थळ बिघडलं तर?" ती म्हणाली, "माझं ओझं माझ्या डोक्यावर राहू दे. तुझं तू बघ."

गुरुवारी कारखान्याला सुट्टी असायची. आईला सांगितलं, सलूनमध्ये जातो. ते खोटं नव्हतं. गणपतच्या खुर्चीत बसलो आणि म्हणालो, "हे लांब केस कापून टाक. बाजूचे ठेव." त्यानं आरशातून मला दोनदा पाहिलं. "नक्की?" एवढंच विचारलं आणि कात्री लावली. चार मिनिटांचं काम, त्यासाठी मी वर्ष घालवलं होतं. बाहेर आलो तर उन्हाचा चटका थेट टाळूला बसला. द्वारकेवर वाहनांची ही गर्दी, त्यातला प्रत्येक माणूस माझ्या डोक्याकडे बघतो आहे असं वाटत होतं. येवल्याची एसटी आली. खिडकीत बसलो, काच पूर्ण उघडली. वारा लागत होता आणि विस्कटायला काही नव्हतं, पण मी एकेक भीती मोजत होतो. साखरपुड्याआधी मुलगा एकटा मुलीच्या दारात जाणं आमच्याकडे बसत नाही. आबांनी हाकलून दिलं तर काय, चार माणसं जमवली तर काय, मामांचं नाक कापलं गेलं तर काय. विंचूरला उतरून परतीची गाडी धरावी असं मनात आलं, उठलोसुद्धा, पण दारात गर्दी होती म्हणून पुन्हा बसलो. माझं धैर्य एवढंच होतं हे कबूल केलेलं बरं.

फाट्यावरून चालत गेलो. घरापर्यंत जावंच लागलं नाही, रस्त्याकडेच्या चाळीपाशी बायका कांदा निवडत बसल्या होत्या. मोठा एकीकडे, बारीक म्हणजे गोल्टी एकीकडे, सडका बांधावर. मधे एक मुलगी उभ्यानं हिशोबीपणे सगळीकडे लक्ष ठेवत होती, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली, पायांत वडिलांच्या असाव्यात अशा मोठ्या चपला. मला पाहून तिनं तिथूनच विचारलं, "बारदान आनलं का? शंभर सांगितलं व्हतं, काल यायचं व्हतं तुमी."

मी रिकाम्या गोण्या पुरवणारा आहे असं तिला वाटलं. आणि खरी नामुष्की पुढेच आहे. मीही तिला ओळखलं नाही. मी म्हणालो, "मला कारभारी आबांच्या मुलीला भेटायचं आहे. अलकाताईंना."

"मीच अलका," ती म्हणाली. "काय काम हाय?"

"मी दत्तू. दत्तात्रय. नाशिकहून. इंदिरानगर."

कांदा टाकायचे हात थांबले. आठ-दहा बायका माझ्याकडे बघत होत्या, त्यातली एक म्हातारी तोंडावर पदर धरून हसत होती. अलका हसली नाही. तिनं माझ्या डोक्याकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, मग पुन्हा डोक्याकडे. मी पाठ करून आणलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं, फोटो जुना आहे, टोपी त्यासाठीच ठेवली होती, आईला दोष देऊ नका, मी गप्प बसलो ही चूक माझी, आता तुम्ही नाही म्हणालात तर खोट आमच्या बाजूची होती असं आम्ही सांगू, तुमच्यावर शब्द येणार नाही.

तिनं डोक्यावरची ओढणी घट्ट केली. मग म्हणाली, "फोटोत मला केसच आवडले व्हते. खोटं कशाला बोलू?"

मी मान खाली घातली. हे ऐकायलाच तर एवढ्या लांब आलो होतो.

"पर त्याचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता. "त्या दिवशी मी तुमच्या म्होरं अर्धा घंटा बसले. तुमी एकदा बी माझ्याकडं पाहिलं नाय. भिंतीकडं बघत व्हते. मला वाटलं, मी आवडले नाय, घरच्यांनी बळंच आनलंय ह्यांना. तरी आबा म्हनले चांगलं स्थळ हाय, म्हनून हो म्हनले. दहा दिस आरशात बघतीय. काय कमी हाय माझ्यात? नाक बसकं हाय का? रंग लय सावळा हाय का? रोज नवं काय तरी सापडतंय." तिनं ओढणीच्या टोकानं कपाळ पुसलं. "मी कोन्त्या रंगाची साडी नेसले व्हते?"

मी आठवायचा प्रयत्न केला. कॅलेंडर आठवलं, त्यावरचा लाल आकडा आठवला, फॅनची जाळी आठवली. पाटावर कुणीतरी बसलं होतं एवढंच. मी वर्षभर माझ्या केसांसाठी झुरत होतो, कुणीतरी मला नाकारील म्हणून भीत होतो, आणि त्यापायी ही मुलगी दहा दिवस माझ्यामुळे आरशासमोर उभी होती. सिन्नरच्या मुलीनंही नंतर आरशात दात पाहिले असतील, हे मला त्या चाळीपाशी पहिल्यांदा सुचलं. मला तिथल्या तिथे जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. "नाही आठवत," मी म्हणालो.

"मंग बसा," ती म्हणाली. तिनं पायानं एक गोणी माझ्याकडे सरकवली. "नीट बघा आता. मी बी बघते. केस नाय याचं वाईट वाटलंय मला, ते काय लगेच जानार नाय. पर बघते. आबा बाजारात गेल्यात, चार वाजता येतील. तवर रिकामं बसू नका, गोल्टी निवडा."

मी बसलो आणि गोल्टी निवडू लागलो. बायकांची बोलणी पुन्हा सुरू झाली, हळू आवाजात, आणि ती माझ्याबद्दलच होती. पहिला पाऊण तास मी जेवढा घाबरलो तेवढा बसमध्येही घाबरलो नव्हतो. ती येता-जाता माझ्याकडे उघडउघड बघत होती. आम्ही मुलगी बघायला जायचो तेव्हा तिला काय होत असेल, ते त्या गोणीवर बसून कळलं. मग मीही बघितलं. ती सावळी होती. नाक खरंच जरा बसकं होतं. वेणी असेल तर ओढणीत होती, मला दिसली नाही. डाव्या भुवईत एक जुनी खोक होती. कांद्यांनी हात तपकिरी झाले होते, आणि ती बोलताना एखाद्या बाईच्या खांद्यावर हात ठेवून बोलायची, मोठ्या माणसासारखी. एकदा म्हातारीनं काहीतरी चावट म्हटलं तेव्हा ती हसली, तर तिला खळी पडली नाही, सगळा चेहराच हसला. कॅन्टीनमध्ये घडवलेल्या माझ्या मूर्तीशी यातलं काही जुळत नव्हतं. मी बघतच राहिलो आणि दोन वेळा मोठा कांदा गोल्टीत टाकला.

लांबून आबांच्या ट्रॅक्टरचा आवाज आला. आता सगळं त्यांच्यापुढे बोलावं लागणार होतं. अलका समोर येऊन उभी राहिली. "आबांना मी सांगते. चिडतील. तुमी मधे बोलू नका." मग म्हणाली, "हात चांगले हायेत तुमचे. आन खोटं बोलताना तुमची लय फजिती होती, हे बी बरं हाय. माझं हो हाय."

ट्रॅक्टर वळणावर दिसू लागला होता.

"तुमचं काय?" तिनं विचारलं.

मी मान डोलावली.

"आसं नाय," ती म्हणाली. "दहा दिस म्या येकटीनं काढल्यात. तोंडानं सांगा. समद्यांना ऐकू जाऊ द्या."

मी गोणीवरून उठलो, आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं, त्या सगळ्या बायकांच्या देखत म्हणालो, "मला अलका आवडली."